प्रवाळांविषयी नागपूरकर वाचकांचे प्रश्न

लक्षद्वीपच्या समुद्रातील प्रवाळ उष्णतेमुळे पांढरे पडत असल्याचे एक छोटे टिपण गेल्या अंकात प्रसिद्ध झाले होते. ज्या शहराला तलाव आहेत, नद्या आहेत, पण समुद्र नाही, त्या शहरातून या विषयावर आलेली पत्रे वाचून मनापासून आनंद झाला. बरेच प्रश्न एकाच आशयाचे होते. ते एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : प्रवाळ हा प्राणी आहे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. मग तो पांढरा पडतो म्हणजे नेमके काय होते? पांढरा पडला म्हणजे मेला असे समजावे का?
— निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : आपण सांगत आलात ते बरोबरच आहे. प्रवाळ हा जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. त्याचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरांचाच असतो. मऊ पिशवीसारखे शरीर, वरच्या बाजूला एकच तोंड आणि तोंडाभोवती डंख करणाऱ्या शुंडकांचे कडे, अशी त्याची साधी रचना असते. हा पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःच्या तळाशी चुनखडीचे कठीण बैठक-घर तयार करतो. हजारो पॉलिप एकमेकांना जोडून वसाहत होते, जुन्या सांगाड्यांवर नवे पॉलिप वाढत जातात आणि हजारो वर्षांत त्यातून प्रवाळभित्ती उभी राहते. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तर फांद्यांसारखे प्रवाळ त्याहून पुष्कळ वेगाने वाढतात. मात्र मोडतातही तेच लवकर.

आता रंगाविषयी. उथळ उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. प्रवाळाने श्वसनातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये हे शैवाल वापरते, सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्याला या भाडेकरूकडून मिळू शकते. उष्ण कटिबंधातील निळ्याशार, स्वच्छ पाण्यात पोषकद्रव्ये फार कमी असतात आणि तरीही तेथे प्रवाळांची एवढी समृद्धी नांदते, याचे कारण ही भागीदारी होय. प्रवाळांचे तपकिरी, हिरवट, पिवळसर रंगही मुख्यतः याच शैवालाचे असतात.

पाणी प्रमाणाबाहेर तापले की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील, विषारी रूपे तयार होऊ लागतात. ती प्रवाळाच्या पेशींना इजा करतात, म्हणून प्रवाळ शैवालाला शरीराबाहेर टाकतो. त्याचे स्वतःचे मांस जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे आतला चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. त्या क्षणी प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी थंड झाले तर शैवाल परत येते आणि प्रवाळ सावरतो. ताप लांबला तर तो मरतो आणि पांढऱ्या सांगाड्यावर काही दिवसांतच हिरव्या-तपकिरी शेवाळाची लव चढते. तेव्हा पांढरा प्रवाळ पाहून मेला असे समजू नये; तो आजारी आहे आणि त्याच्याकडे वेळ थोडा आहे, असे समजावे.

प्रश्न : नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तरीही माणसे, झाडे, पाखरे तग धरतात. मग समुद्राचे पाणी एखाद्या अंशाने तापल्यामुळे प्रवाळ कसे मरतात? हे थोडे अतिशयोक्त वाटते.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वर्धा मार्ग

उत्तर : शंका रास्त आहे आणि ती अनेकांच्या मनात असते. आपल्याकडे दिवस आणि रात्र, हिवाळा आणि उन्हाळा यांत तापमानाचा फरक प्रचंड असतो. आपल्या परिसरातील सजीव त्या चढउतारांतच घडले आहेत. समुद्राचे तसे नाही. पाणी हळू तापते, हळू निवते, आणि उष्ण कटिबंधात पृष्ठभागाचे तापमान वर्षभर काही मोजक्या अंशांच्या पट्ट्यात राहते. प्रवाळ वाढतात ते साधारण २३ ते २९ अंश सेल्सिअस तापमानात, आणि त्यांपैकी बहुतेक जण आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळच राहत असतात. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापले आणि ते तसेच चार आठवडे राहिले, की विरंजनाची शक्यता निर्माण होते; आठ आठवडे राहिले तर मोठ्या प्रमाणावर मृत्यू संभवतो. अमेरिकेची सागर व वातावरणविषयक संस्था ‘नोआ’ उपग्रहांच्या साहाय्याने जगभरच्या प्रवाळक्षेत्रांना इशारे देते, ते याच हिशोबाने. म्हणजे प्रश्न एखाद्या दिवसाच्या उच्चांकाचा नसून साठत गेलेल्या उष्णतेचा आहे.

अतिशयोक्तीविषयी म्हणाल, तर नोंदीच पाहाव्यात. १९९८ मध्ये पहिले जागतिक विरंजन घडले, दुसरे २०१० मध्ये, तिसरे २०१४ ते २०१७ असे लांबले, आणि चौथे सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. या चौथ्या लाटेत, २०२३ पासून २०२५ च्या वसंतापर्यंत, जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवू शकेल इतका ताप सोसावा लागला. लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ अशा चारही वेळा हा मार सोसला आहे. मला यातली सर्वांत गंभीर बाब वाटते ती दोन आघातांमधल्या अंतराची. होरपळलेल्या भित्तीला पूर्ववत होण्यास दहा-पंधरा वर्षे सहज लागतात, आणि तेवढी उसंत आता तिला मिळत नाही.

हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०१८ च्या अहवालात असे नमूद केले आहे की पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने दीड अंशाने वाढले तर उष्ण पाण्यातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नाहीसे होतील आणि दोन अंशांनी वाढले तर ९९ टक्क्यांहून अधिक. अर्ध्या अंशाला एवढी किंमत असलेली दुसरी परिसंस्था मला ठाऊक नाही.

प्रश्न : आमचा सराफीचा व्यवसाय आहे. मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घेणारे ग्राहक नेहमी येतात. आमच्या या व्यवसायामुळे प्रवाळभित्ती नष्ट होतात का?
— एक सराफ, इतवारी

उत्तर : प्रश्न प्रांजळपणे विचारल्याबद्दल आभार. दागिन्यांतले लाल पोवळे ज्या प्रवाळापासून मिळते तो भित्ती बांधणारा प्रवाळ नव्हे. तो मुख्यतः भूमध्य समुद्रात आणि जपान-तैवानकडच्या खोल पाण्यात कपारींतून वाढतो, त्याच्यात शैवाल राहत नाही, आणि इटलीतील नेपल्सजवळचे तोरे देल ग्रेको हे गाव त्याच्या कारागिरीसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. म्हणून अंगठीतील पोवळ्यामुळे लक्षद्वीपची किंवा अंदमानची भित्ती तुटत नाही.

परंतु त्याची स्वतःची स्थिती चांगली नाही. लाल प्रवाळाच्या फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. अंगठीत बसेल एवढा खडा देणारी फांदी कित्येक दशकांची असते आणि समुद्रतळावरून जाळी ओढून केलेल्या पूर्वीच्या उपशाने तिची वस्ती पार विरळ केली आहे. माझे मत विचाराल तर घरातले जुने पोवळे पुन्हा घडवून वापरणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. पांढरे किंवा काळे प्रवाळ, समुद्रपंखा अथवा शोभेचे प्रवाळखंड कोणी विकायला आणले तर मात्र हात लावू नये. भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाच्याच पंक्तीत स्थान आहे.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातील चुनखडक हा प्राचीन प्रवाळांचा आहे, असे कोणीतरी सांगितले. खरे का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही. सिमेंट कारखान्यांना लागणारा तो चुनखडक पैनगंगा समूह नावाच्या खडकथरांतील असून प्राणिसृष्टी उदयाला येण्याच्या पुष्कळ आधीचा आहे. आजच्या भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचे पूर्वज सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी अवतरले.

प्रश्न : आपण देशाच्या मध्यावर राहतो. आपल्या नाग नदीची घाण प्रवाळांपर्यंत पोहोचते का? पोहोचत नसेल तर नागपूरच्या माणसाने या विषयात लक्ष का घालावे, हे स्पष्ट सांगावे.
— गृहिणी, महाल

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर थेट देतो. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखाशी गाळाचे आणि गोड्या पाण्याचे प्रमाण एवढे असते की तेथे प्रवाळभित्ती नाहीतच. भारतातील मोठ्या भित्ती कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. नाग नदी स्वच्छ करायला हवी, पण ती नदीसाठी, तिच्या काठच्या माणसांसाठी आणि खालच्या गावांसाठी. प्रवाळांचे नाव त्यासाठी घेण्याची गरज नाही.

नागपूरचा प्रवाळांशी संबंध पाण्यातून नसून धुरातून आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत, उमरेड आणि कामठीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना साधारणपणे किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि हवेत गेलेल्या त्या वायूला जिल्ह्याची सीमा नसते. या वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेतो. आपल्या डोक्यावरची हवा आणखी तापली नाही, हा समुद्राचा उपकार आहे आणि त्याची भरपाई प्रवाळ करीत आहेत. शिवाय आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा समुद्राच्या पाण्यात विरघळतो. त्यामुळे औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून समुद्राच्या वरच्या थराचा सामू, म्हणजे पीएच (तो जितका कमी तितकी आम्लता अधिक), सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की याचा अर्थ आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. पाण्यातील कार्बोनेट त्यामुळे कमी होते आणि प्रवाळाला सांगाडा बांधणे अधिकाधिक कठीण जाते. म्हणजे एकाच धुराने त्याला उपासही घडतो आणि घर बांधायला चुनाही अपुरा पडतो.

लक्ष का घालावे, या प्रश्नाचे उत्तर मी आकड्यांनी सुरू करतो, पण तेवढ्यावर थांबणार नाही. प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही. तरीही समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाने राहतात. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा भित्तीवर आपटून विरते. रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात सापडलेल्या द्रव्यांच्या अभ्यासातून निर्माण झाले. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातील मूल त्या औषधाने बरे झालेले असू शकते.

आणि लक्षद्वीपचा विचार करावा. ३६ बेटे, त्यांपैकी दहा वस्तीची, सगळी मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमीन, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६४ हजारांहून अधिक माणसे. बुडत गेलेल्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वर वर बांधत जातात आणि शेवटी कंकणाकृती भित्ती उरते, अशी मांडणी चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये केली होती. अशा कंकणद्वीपांची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच असते. त्यांची वाळू म्हणजे झिजलेले प्रवाळ. त्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो आणि विहिरींना तेच पाणी येते. जिवंत भित्ती झीज भरून काढते, मेलेली भित्ती नुसती झिजते. भित्ती खचली की लाटा आत येतात, वाळू वाहून जाते, विहिरी खाऱ्या होतात. तेथील माणसांनी हवेत सोडलेला धूर नगण्य आहे. आपल्या पंख्याखाली, कूलरसमोर आणि आता वातानुकूलकासमोर बसून आपण जी वीज जाळतो तिचा काही भार त्यांच्या बेटांवर पडतो, एवढे कारण मला स्वतःला पुरेसे वाटते. छतावर सौरऊर्जा बसवण्यासाठी विदर्भासारखे ऊन सर्वांना लाभत नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

प्रश्न : दिवाळीत आम्ही कुटुंबासह अंदमानला जाणार आहोत. प्रवाळ पाहताना काय काळजी घ्यावी? किनाऱ्यावर पडलेले मेलेले तुकडे आणले तर चालतात का?
— एक कुटुंब, मनीषनगर

उत्तर : तुकडे आणू नयेत, मेलेल्या प्रवाळालाही कायदा लागू आहे आणि सामानात सापडल्यास तो जप्त होऊन कारवाई होऊ शकते. पाण्यात उतरताना प्रवाळावर पाय ठेवू नये, आधारासाठीही धरू नये, कारण सांगाड्यावरचे जिवंत मांस अत्यंत पातळ असते. माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. उन्हासाठी मलम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली आहे. नावाडी भित्तीवर नांगर टाकत असेल तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नको म्हणावे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून संरक्षित आहे. मुलांना ते अवश्य दाखवावे.

प्रश्न : प्रवाळांची रोपे लावून भित्ती पुन्हा उभ्या करता येतात, असे वाचले. मग एवढी चिंता कशासाठी?
— लघुउद्योजक, हिंगणा

उत्तर : अशी कामे आपल्या देशातही चालू आहेत. मन्नारच्या आखातात प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून समुद्रतळावर वाढवले जातात. कच्छच्या आखातात मिठापूरजवळ २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आणि गुजरात वनविभाग यांनी पाण्यातील लोखंडी सांगाड्यातून अत्यल्प दाबाचा विद्युतप्रवाह सोडून त्यावर खनिजांचा थर जमवण्याचा आणि त्यावर प्रवाळ वाढवण्याचा प्रयोग सुरू केला. ही माणसे कष्टाने काम करतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रात काय झाले ते लक्षात घ्यावे. तेथे पाणी इतके तापले की वर्षानुवर्षे जोपासलेल्या रोपवाटिकांतील प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले, आणि जे हलवता आले नाहीत त्यांतील पुष्कळसे मेले. ज्या पाण्यात जुनी भित्ती मरते त्याच पाण्यात लावलेली रोपे जगतील, ही अपेक्षा चुकीची आहे. शिवाय लागवड होते ती काही चौरस मीटरांच्या, फार तर काही हेक्टरांच्या हिशोबात. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ एकटीच २,३०० किलोमीटर लांब आहे.

मग हाती काय उरते? स्थानिक त्रास थांबवला तर भित्ती तापातून सावरते, हे अनुभवाने दिसले आहे. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजले की पाण्यातून वाहत आलेल्या नव्या प्रवाळ-अळीला चिकटायला जागा मिळत नाही. ते शेवाळ खाऊन जागा मोकळी ठेवतात पोपटमासे आणि त्यांच्यासारखे इतर शाकाहारी मासे. लक्षद्वीपचे मच्छीमार परंपरेने भित्तीवरची मासेमारी फारशी करीत नसत. ते बाहेरच्या समुद्रात गळाने ट्यूना पकडत. १९९८ नंतर तेथील काही भित्ती सावरल्या, त्यामागे शाबूत राहिलेल्या या माशांचा वाटा असल्याचे अभ्यासक मानतात. आता भित्तीवरच्या माशांनाही बाजारात मागणी वाढू लागली आहे आणि ती गोष्ट मला विरंजनाइतकीच काळजीची वाटते. मन्नारच्या आखातात उलटे घडले. तेथे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढले जात. ते थांबले तोपर्यंत २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली होती. शिवाय उत्पन्नासाठी आणलेले कप्पाफायकस हे परदेशी समुद्रशेवाळ तेथील जिवंत प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवीत आहे. सांडपाणी, गाळ, नांगर, अतिमासेमारी आणि असे पाहुणे शेवाळ रोखले तर प्रवाळांना वेळ मिळतो. तो वेळ उपयोगी पडेल की वाया जाईल, हे कोळसा आणि तेल किती लवकर कमी होते यावर ठरेल.

प्रश्न : महाराष्ट्राच्या समुद्रात प्रवाळ आहेत का? असतील तर त्यांच्या संरक्षणासाठी आम्ही कोणाकडे लिहावे?
— पर्यावरणप्रेमी मंडळातील काही युवक-युवती, प्रतापनगर

उत्तर : आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती प्रवाळ आहेत. पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या पाण्यात ते टिकून राहिले, यावरून त्यांची चिवट वृत्ती दिसते. मात्र अलीकडे त्यांचेही विरंजन नोंदले गेले आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर. पण आपली उपजीविका जाईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि ती भीती समजून न घेता केलेले कोणतेही संरक्षण कागदावरच राहते. आज तेथील प्रवाळांना मच्छीमारांपेक्षा पर्यटकांच्या गर्दीचा, पाण्यात उतरणाऱ्यांच्या पायांचा आणि होड्यांच्या नांगरांचा उपद्रव अधिक आहे. नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधण्यासाठी कायमचे तरंगते बोये असावेत आणि एका वेळी पाण्यात किती जणांना उतरू द्यावे याची मर्यादा असावी, या दोन मागण्या साध्या आहेत आणि मच्छीमारांच्या पोटावर न येणाऱ्या आहेत.

दुसरे ठिकाण म्हणजे कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेले आंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेले हे पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर येतो आणि किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तेथील पाणी स्वच्छ आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्राच्या ते बाहेर असल्यामुळे राज्य सरकार त्याला मालवणसारखे अभयारण्य घोषित करू शकत नाही. सागरी क्षेत्रांविषयीच्या १९७६ च्या कायद्याखाली केंद्र सरकारला तसे क्षेत्र निर्दिष्ट करून त्याचे संरक्षण करता येते. म्हणून मालवणविषयीचे निवेदन राज्य वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे पाठवावे, आणि आंग्रिया बँकेविषयीचे नवी दिल्लीला, केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाकडे.